तिसरी चौकट

योगिनी देवस्थळी पुण्याची, संख्याशास्त्रातली एम.एस्सी. फुटबॉल म्हणजे बावीस जण एका चेंडूमागे धावतात, यापलीकडे तिला त्या खेळातलं काही कळत नव्हतं. तरीही सिंगापूरच्या नव्या व्यावसायिक लीगमध्ये कॉलेजातून येणारा कुठला खेळाडू कुठल्या क्लबात जाणार, हे ठरवणारी सगळी व्यवस्था तिने बांधली होती. त्यात तिला काही विनोदी वाटत नसे. "मला पोहता येत नाही, पण प्रबोधच्या जहाजाचा पंप बिघडला तर त्याचं गणित मी सोडवते," असं ती सांगे. प्रबोध म्हणजे तिचा नवरा, मरीन इंजिनिअर. वर्षातले सात-आठ महिने तो बोटीवर असे. उरलेलं घर म्हणजे योगिनी आणि अकरा वर्षांची अश्लेषा.

तांजोंग पगारला एका जुन्या शॉपहाऊसच्या, म्हणजे खाली दुकान असलेल्या घराच्या, वरच्या मजल्यावर ती नोकरी करत असलेल्या आकडेवारीच्या कंपनीचं ऑफिस होतं. चौदा माणसं, चौदा कॉम्प्युटर, आणि मॅनेजर श्रीनिवास राजाध्यक्ष. हे मूळचे विलेपार्ल्याचे, पन्नाशीचे, स्वभावाने भले पण गिऱ्हाइकाच्या फोनची घंटा वाजली की उभं राहणारे. लीगचं काम त्यांनीच आणलं होतं. काम समजायला सोपं होतं. आठ क्लब. हंगाम सुरू व्हायच्या आधी कॉलेजांतले चांगले खेळाडू आपली नावं लीगकडे देत. मग एक दिवस सगळे क्लब एका हॉलमध्ये बसत आणि पाळीपाळीने एकेक खेळाडू निवडत. याला ते ड्राफ्ट म्हणत. आदल्या वर्षी जो क्लब तळाला, त्याची पहिली पाळी. जो पहिला आला, त्याची शेवटची. म्हणजे श्रीमंत क्लबाने सगळीच चांगली पोरं उचलायची आणि गरीब क्लबाने तोंड बघत बसायचं, असं होत नसे.

१९९७च्या फेब्रुवारीत, चिनी नववर्षाची लाल तोरणं अजून लिफ्टपाशी लटकत असताना, योगिनीने त्या वर्षीची यादी छापली आणि थबकली. कॉलेजांच्या वीस उत्तम खेळाडूंना फॉर्म पाठवले होते. फॉर्मवर शेवटी प्रश्न होता : ड्राफ्टसाठी नाव देत आहात का? पुढे दोन चौकटी, हो आणि नाही. विसांतल्या अकरा जणांनी 'नाही'वर खूण केली होती. आणि ते अकराही जण एकाच कॉलेजचे होते.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. हार्बर पॉलिटेक्निक नावाच्या खासगी कॉलेजाने त्या वर्षीपासून आपल्या फुटबॉल संघाला दरमहा पाचशे डॉलर द्यायला सुरुवात केली होती. अट एकच : कोर्स पुरा करायचा आणि तोवर कॉलेजकडून खेळायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला लीगचे सेक्रेटरी मिस्टर लिम स्वतः ऑफिसात आले. बारीक चणीचा, इस्त्रीच्या शर्टातला, तापट माणूस. लीग उभी करण्यासाठी त्याने बँकेतली बरी नोकरी सोडली होती आणि ते तो कुणाला विसरू देत नसे.

"हे कॉलेज आमचे खेळाडू पळवतंय," लिम खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला. "तळाच्या क्लबाला पहिली पाळी देऊन काय उपयोग, उचलायला कुणी शिल्लकच नसेल तर? मला नियम हवाय. कॉलेजकडून ज्याने पैसे घेतले, त्याला तीन वर्षं ड्राफ्ट बंद. दहा दिवसांनी आठही क्लबांची बैठक आहे. तुमचा रिपोर्ट त्या दिवशी माझ्या हातात पाहिजे. पगारी कॉलेजखेळाडूंमुळे ड्राफ्ट कसा मरतो, ते आकड्यांत."

"मिळेल," श्रीनिवास म्हणाले.

"रिपोर्ट मिळेल," योगिनी म्हणाली. "त्यात काय असेल ते आज नाही सांगता येणार."

लिमने तिच्याकडे असं पाहिलं, जणू टायपरायटर बोलला.

तो गेल्यावर श्रीनिवासांनी दार लोटलं. "अगं योगिनी, गिऱ्हाइकाला काय हवंय ते त्याने ताटात वाढून सांगितलंय. आपण फक्त मीठ घालायचं. जूनमध्ये हे कंत्राट पुन्हा व्हायचंय. तुझा इथे राहण्याचा पास, माझा पास, सगळं या नोकरीवर आहे, हे मी तुला सांगायला हवं का?"

"नको. मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "पण श्रीनिवास, तुम्हीच विचार करा. आकड्यांना विचारायच्या आधीच त्यांच्या तोंडी उत्तर कोंबलं आणि उद्या ते खोटं निघालं, तर कंत्राट कुणाचं जाईल? मला दहा दिवस द्या. लिमसाहेबांचं खरं असेल तर मीच त्यांच्या बाजूने भांडेन."

श्रीनिवासांनी चष्मा काढून पुसला. "दहा," ते म्हणाले. "अकरावा नाही."

आधी तिने आदल्या वर्षीची यादी काढली. पहिल्या ड्राफ्टमध्ये क्लबांनी बत्तीस पोरं निवडली होती. त्यांतल्या चौदा जणांनी अर्ध्यावर कॉलेज सोडलं होतं. हंगाम संपेपर्यंत या चौदांपैकी आठ जण मैदानाबाहेर होते. कुणाचा गुडघा गेलेला, कुणी संघात जागाच मिळवू न शकलेला. ज्यांनी कोर्स पुरा करून मग नाव दिलं होतं, अशा अठरांपैकी फक्त तीन बाहेर पडले होते. योगिनीने ते आकडे तीनदा तपासले. एका वर्षाच्या आकड्यांवर इमारत उभी करू नये, हे तिला कळत होतं. पण लिम म्हणत होता त्याच्या बरोबर उलट दिशेला ते बोट दाखवत होते, हेही कळत होतं.

मग तिने ठरवलं, त्या अकरा जणांनाच विचारायचं.

पहिला भेटला तो हाफिझ. बावीस वर्षांचा, लष्करी सेवा आटोपून कॉलेजात आलेला, मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. मधल्या फळीत खेळायचा, आणि यादीत त्याचं नाव सगळ्यांत वर होतं. त्याने तिला तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत बोलावलं, दुपारी तीनला, गर्दी ओसरल्यावर. तिथे त्याच्या आईचा नासी लमाकचा स्टॉल होता. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, वर तळलेले छोटे मासे आणि तिखट. आईने न विचारता एक पुडी योगिनीसमोर ठेवली.

"मासे खाते की नाही, विचार तरी," हाफिझ आईला म्हणाला.

"खाते," योगिनी म्हणाली आणि पुडी उघडली. "प्रोफेशनल लीग तुला नकोय का?"

तो गोंधळला. "कोण म्हणालं नकोय?"

"तू. फॉर्मवर 'नाही' लिहिलंयस."

"मिस, फॉर्मवर दोनच चौकटी होत्या. या वर्षी येतोस का, हो की नाही. मग मी नाही लिहिलं." त्याने हात पुसले. "मागच्या वर्षी मी पहाटे चारला उठून मार्केटात टेम्पो उतरवायचो. मग आईचा स्टॉल. मग कॉलेज. मग प्रॅक्टिस. मैदानावर जायच्या आधीच पाय संपलेले असायचे. या ड्राफ्टला नाव द्यायचं तेव्हाच ठरवलं होतं, का माहितेय? खेळायला तयार होतो म्हणून नाही. लीग महिन्याला चौदाशे देते म्हणून. कोर्स सुटला असता तर सुटला असता."

"आणि आता?"

"आता टेम्पो नाही. चांगलं जेवतो, झोपतो. दीड वर्षात डिप्लोमा होईल. मग येतो की लीगमध्ये. मला यायचंच आहे." तो जरा पुढे झुकला. "गुडघा गेला तर? डिप्लोमा असला तर जुरॉंगच्या शिपयार्डात तरी उभा राहीन."

योगिनीने पुडीतला भात संपवला. चव तिला फार आवडली, पण त्या क्षणी तिचं लक्ष दुसरीकडेच होतं. फॉर्म तिने स्वतः बनवला होता. दोन चौकटी तिने स्वतः आखल्या होत्या. 'नाही' आणि 'आत्ता नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे चार वर्षांच्या पोरालाही कळतं. जेवायला हाक मारली की तो काय म्हणतो? आणि एम.एस्सी. झालेल्या बाईने ती दोन्ही उत्तरं एकाच चौकटीत कोंबली होती.

पुढच्या पाच दिवसांत ती आणखी नऊ जणांना भेटली. कुणी कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये, कुणी MRTच्या फलाटावर. एक जण सुट्टीला मलेशियात इपोहला गेलेला, तो काही भेटला नाही. दहांपैकी आठांचं म्हणणं हाफिझसारखंच होतं. उरलेल्या दोघांना खरोखरच लीग नको होती. एकाला पायलट व्हायचं होतं. दुसरा सरळ म्हणाला, "मला फुटबॉल तेवढं आवडत नाही हो. पाचशे डॉलर मिळतात म्हणून खेळतो." योगिनीने तेही जसंच्या तसं लिहून घेतलं.

एक माणूस मात्र तिला बैठकीच्या आधी भेटायलाच हवा होता. गेल्या वर्षी तळाला राहिलेल्या पासिर रेंजर्स क्लबाचा मॅनेजर कुमारन. पहिली पाळी त्याची होती. कॉलेजच्या पैशामुळे सगळ्यांत जास्त नुकसान त्याचंच होणार होतं. फोनवर तो म्हणाला, "रविवारी आम्ही पुलाउ उबीनला असतो. पोरांना खाणीच्या रस्त्याने सायकलवर पळवतो. यायचं तर या."

रविवारी ती अश्लेषाला घेऊन चांगीच्या धक्क्यावर गेली. बारा माणसं जमल्याशिवाय बोट सुटत नसे. बारावा येईपर्यंत अश्लेषाने आईला ऑफसाइड म्हणजे काय ते दोनदा समजावलं.

"Mummy, you made the whole draft thing and you don't know offside? Cannot lah!"

"कळलं गं. पुन्हा एकदा सांग."

बेटावर, गावातल्या एका लाकडी दुकानापुढे कुमारन नारळपाणी पीत बसला होता. चाळिशीचा, डाव्या पायाने किंचित लंगडणारा. त्याची पोरं घामाने निथळत सायकलींवर येत-जात होती. अश्लेषाला कुणीतरी एक छोटी सायकल दिली आणि ती त्यांच्या मागे गेली.

"मला लिमचा नियम हवाय, असं समजून तुम्ही आलात," कुमारन म्हणाला. तो आणि योगिनी हिंदी-इंग्रजीच्या मिसळीत बोलत होते. "तुम्हाला वाटलं, हा चिडलेला असणार. चिडलोच आहे. या वर्षी मला चांगला मिडफिल्डर हवा होता. यादीत वर कोण आहे? हाफिझ. आणि तो येत नाही."

"तो दीड वर्षाने येतोय," योगिनी म्हणाली.

कुमारनने नारळ खाली ठेवला.

"त्याने स्वतः सांगितलं?"

"त्याने, आणि आणखी सात जणांनी. आता मला एक सांगा. आज दमलेला, अर्धवट शिकलेला हाफिझ आणि दीड वर्षानंतरचा हाफिझ, यांतला कुठला घ्याल?"

समोरून जाणाऱ्या दोन पोरांना कुमारनने ओरडून वेग वाढवायला सांगितलं. मग म्हणाला, "मी एकोणीसचा होतो तेव्हा घरी पैसे हवे होते. जो क्लब पहिला आला त्याच्याकडे गेलो. अठ्ठावीसचा असताना पाय गेला. नंतर नऊ वर्षं पोर्टवर कंटेनर मोजले. तक्रार नाही माझी. पण घाईने तोडलेला फणस मला ओळखता येतो." तो हसला. "मात्र दीड वर्ष थांबून मी त्याला वाढवणार आणि शेवटी दुसराच क्लब त्याला उचलणार. हे मला नको."

"म्हणूनच आले आहे," योगिनी म्हणाली. तिने पर्समधून कागद काढला आणि गुडघ्यावर ठेवून त्यावर चार ओळी लिहिल्या. कुमारनने त्या वाचल्या, दोन ठिकाणी बोट ठेवलं, एक ओळ बदलायला लावली. परतीच्या बोटीत अश्लेषा आईच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली, आणि योगिनीने तो कागद पुन्हा सुवाच्य अक्षरात लिहून काढला.

बैठक लीगच्या ऑफिसात होती. लांब टेबलाभोवती आठ क्लबांचे आठ मॅनेजर, टोकाला लिम. श्रीनिवास भिंतीला लागून बसले होते; त्यांनी रिपोर्ट आदल्या दिवशी वाचला होता आणि एवढंच म्हटलं होतं, "बोलताना हळू बोल. तुला घाई झाली की तू पुणेरी होतेस."

योगिनी उभी राहिली.

"मिस्टर लिम यांनी विचारलं होतं, कॉलेजच्या पैशामुळे ड्राफ्टवर काय परिणाम होतो? परिणाम होतो, मोठा होतो," ती म्हणाली. लिमने समाधानाने मान हलवली. "या वर्षीची यादी त्यामुळे निम्मी झालीय. हे खरं आहे. पण ती निम्मी झाली याचं अर्धं कारण कॉलेज आहे आणि अर्धं कारण मी."

टेबलाभोवती चुळबुळ झाली.

"फॉर्म मी बनवला. त्यात हो आणि नाही एवढंच होतं. 'नाही' म्हणणाऱ्या दहांना मी भेटले. आठांना लीगमध्ये यायचंय, फक्त शिक्षण संपल्यावर. आत्तापर्यंत गरज असलेली पोरं तयार होण्याआधीच तुमच्याकडे येत होती, कारण तुमच्याशिवाय कुणी पैसे देत नव्हतं. मागच्या वर्षी अर्ध्यावर शिक्षण सोडून आलेले चौदा. त्यांतले आठ आज खेळत नाहीत. त्यांच्यावर तुमची एकेक पाळी खर्च झाली. एका वर्षाचे आकडे आहेत, त्यांच्यावर मी शपथ घेणार नाही. पण आंधळेपणाने बंदी घालण्यापेक्षा ते बरे."

"मग तुमचा सल्ला काय? कॉलेजला हार घालायचे?" लिमचा आवाज चढला.

"तिसरी चौकट," योगिनी म्हणाली. "हो, नाही, आणि 'नंतर'. ज्याने 'नंतर'वर खूण केली, त्याला क्लबाने याच ड्राफ्टमध्ये निवडावं. दोन वर्षं त्याच्यावर हक्क त्याच क्लबाचा, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. तोवर त्याने कॉलेजात शिकावं, कॉलेजचे पैसे घ्यावेत, सुट्टीत क्लबाबरोबर सराव करावा. दोन वर्षांत आला नाही तर तो पुन्हा सगळ्यांसाठी मोकळा. आणि प्रत्येक क्लबाला असा एकच खेळाडू, नाहीतर सगळेच उद्याची पोरं घेतील आणि आज मैदानावर कुणी उतरणार नाही." ही शेवटची अट कुमारनची होती, आणि तिने ते सांगितलंही.

गेल्या वर्षी पहिला आलेल्या क्लबाचा मॅनेजर हसला. "दीड वर्षाने येणाऱ्या पोरासाठी आज पहिली पाळी कोण वाया घालवेल?"

"मी," कुमारन म्हणाला.

लिमने पेन खाली ठेवलं. "तू तळाला आहेस, कुमारन. उद्या पुन्हा तळाला राहिलास, तर तुझे लोक तुला मैदानाबाहेर काढतील."

"माझे लोक आहेत, मी बघेन."

दीड तास वाद झाला. कुणी म्हणालं, कॉलेजं उद्या हजार डॉलर देतील, मग पोरं कधीच बाहेर पडणार नाहीत. योगिनी म्हणाली, कोर्स तीन वर्षांचाच असतो. कुणी विचारलं, कॉलेजच्या सामन्यात पाय मोडला तर? ती म्हणाली, "तर तो धोका क्लबाचा. तो मला पुसून टाकता येत नाही, आणि येतो असं मी सांगणारही नाही." हे उत्तर ऐकून दोन-तीन माना हलल्या. मतदान झालं तेव्हा पाच हात वर होते आणि तीन खाली. लिमने स्वतःचं मत दिलं नाही. फायली गोळा करताना तो एवढंच म्हणाला, "मिसेस देवस्थळी, हे फसलं तर मी तुमचं नाव सांगेन."

"माझं स्पेलिंग लोक चुकवतात," योगिनी म्हणाली. "लिहून देते."

खाली रस्त्यावर सिग्नलला थांबल्यावर श्रीनिवास म्हणाले, "मीठ घालायला सांगितलं होतं. तू स्वयंपाकच बदललास." पण ते हसत होते, आणि त्यांनी तिला कॉफी पाजली.

मार्चमधल्या ड्राफ्टला कुमारनने पहिल्या पाळीत हाफिझचं नाव घेतलं. हॉलमध्ये हशा पिकला. दुसऱ्या क्लबाने उचललेला एक अठरा वर्षांचा स्ट्रायकर, ज्याने कॉलेज सोडून 'हो'वर खूण केली होती, त्या हंगामात बारा गोल करून गेला. त्याला थांबवून कुणाचंच भलं झालं नसतं. योगिनीने वर्षअखेरच्या अहवालात त्याचं उदाहरण स्वतःहून घातलं. पासिर रेंजर्स पुन्हा तळाला राहिले. कुमारनच्या नावाने स्टँडमधून दर सामन्याला काहीबाही ऐकू येई, आणि तो डावा पाय ओढत सरळ समोर बघत चाले.

मग वाऱ्याने दिशा बदलली. त्या वर्षाच्या शेवटी आशियातली चलनं कोसळली, कंपन्यांनी हात आखडले, आणि जानेवारी १९९८मध्ये हार्बर पॉलिटेक्निकने कळवलं की खेळाडूंचे पैसे बंद. हाफिझच्या शेवटच्या परीक्षेला पाच महिने होते. 'नंतर' म्हणून क्लबांनी निवडलेल्या इतर सहा जणांचंही तसंच. आता ही सगळी पोरं कोर्स सोडून क्लबांकडे धावणार, हे उघड होतं, आणि काही क्लबांना ते हवंही होतं.

योगिनीने फोन उचलून लिमला लावला. तिने तयारी करून चार मुद्दे लिहून ठेवले होते. पहिला मुद्दा संपायच्या आत तो म्हणाला, "थांबा. मी काल रात्रीच क्लबांना कळवलंय. ज्याने ज्याला निवडलं, त्याने त्याचे पाच महिने दरमहा पाचशे भरायचे. कच्चं फळ कुणी तोडायचं नाही."

"हे तुम्ही म्हणताय?"

"तुमच्या रिपोर्टात पान सात, चौदांतले आठ. मी वाचलंय." पलीकडे पान उलटल्याचा आवाज आला. "दोनदा वाचलंय."

सातही क्लबांनी पैसे भरले, असं नाही. दोघांनी टाळाटाळ केली, आणि त्यांची पोरं मे महिन्यात परीक्षेला न बसताच क्लबात आली. पण पाच जण थांबले. कुमारनच्या क्लबाकडे पैसा कमी होता; त्याने दर महिन्याच्या पहिल्या तारखेला स्वतः तोआ पायोहला जाऊन पाकीट दिलं आणि जाताना भाताची पुडी घेऊन आला. जूनमध्ये हाफिझ डिप्लोमा झाला, वर्गात नववा.

जुलैच्या एका शनिवारी त्याचा लीगमधला पहिला सामना होता. प्रबोध नुकताच बोटीवरून उतरला होता, तिघंही गेले. पासिर रेंजर्सच्या स्टँडमध्ये दोनेक हजार माणसं होती, ढोल होते, तळलेल्या केळ्यांचा वास होता. हाफिझ पहिल्या अर्ध्यात चाचपडला. दोनदा त्याचा पास चुकला, आणि मागून एक म्हातारा मलय भाषेत काहीतरी जळजळीत बोलला. योगिनीने हाताची मूठ आवळली. तिला आता खेळ कळत होता, आणि कळणाऱ्याला त्रास जास्त होतो.

मध्यंतरानंतर तो बदलला. तो आता धावत नव्हता, उभा राहून बघत होता. चेंडू यायच्या आधीच त्याला कळलेलं असे की तो कुठे द्यायचा. समोरचे दमले, तो नाही. सत्तराव्या मिनिटाला त्याने दोन जणांच्या मधून, जिथे कुणीच नव्हतं तिथे चेंडू सोडला. आणि तिथे रेंजर्सचा कडेने धावणारा विंगर पोचला. जाळं हललं.

स्टँड उसळला. योगिनी कधी खुर्चीवर चढली ते तिचं तिलाही कळलं नाही.

"अरे शाब्बास रे पठ्ठ्या! शाब्बास!" ती अस्सल पुणेरी खणखणीत आवाजात ओरडत होती, आणि पुढच्या चार रांगा वळून बघत होत्या.

"Mummy, so loud! People looking lah!" अश्लेषाने तिची ओढणी ओढली.

प्रबोध हसत टाळ्या वाजवत होता. खाली मैदानाच्या कडेला कुमारन पाठ फिरवून उभा होता, हात कमरेवर, डोकं वर, जणू काही झालंच नाही. खेळ पुन्हा सुरू झाला. अजून वीस मिनिटं बाकी होती.

"बघू देत लोकांना," योगिनी म्हणाली आणि आणखी मोठ्याने ओरडली.